किशोरवयातील आत्मघाती विचार : जोखमीचे घटक आणि आपला दवाखाना

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यापूर्वी मी दोनदा लेखन केले. एकदा बालदम्यावर आणि एकदा सिकलसेलवर. त्या दोन्ही विषयांत हाताशी काहीतरी ठोस असते. छातीतला आवाज असतो, रक्ताचा अहवाल असतो. यंदाच्या विषयात तसे काहीच नाही. येथे तपासणीचे एकमेव साधन म्हणजे आपण विचारलेला प्रश्न, आणि तो प्रश्न मी स्वतः पुष्कळ वर्षे विचारीत नव्हतो, म्हणूनच या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी इयत्ता दहावीतील एक मुलगी दोन महिन्यांत तीन वेळा पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) प्रत्येक वेळी आई सोबत होती. पोट मऊ, सोनोग्राफी निर्दोष, लघवीची तपासणी निर्दोष. पहिल्या भेटीत आम्लपित्ताचे औषध दिले, दुसऱ्या भेटीत जंताचे. तिसऱ्या भेटीत ती खालच्या आवाजात म्हणाली, "काका, झोपच येत नाही." मी हसून म्हणालो, "परीक्षा जवळ आली की असं होतंच." बाहेर तीस रुग्ण बसले होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तिला दुसऱ्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दाखल केल्याचे कळले. सुदैवाने ती वाचली. पुढे काही वर्षांनी, लग्न ठरल्यावर पेढे घेऊन ती दवाखान्यात आली, तेव्हा मी धीर करून त्या दिवसांचा विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

त्या वाक्याने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही परिषदेने शिकवले नाही.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. आदल्या वर्षी ही संख्या १३,०८९ होती. राज्यांच्या एकूण यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. पोलिसांच्या नोंदींवर आधारलेले हे आकडे प्रत्यक्षाहून कमीच असणार, हे आपल्यापैकी ज्यांनी अपघात विभागात काम केले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. 'चुकून घेतले' या दोन शब्दांखाली काय काय दडलेले असते ते आपण जाणतो. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे शोधणाऱ्या राष्ट्रव्यापी पाहणीत असे आढळले की भारतात आत्महत्येने मृत्यू पावणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्के आणि पुरुषांपैकी ४० टक्के व्यक्ती १५ ते २९ या वयोगटातील होत्या. म्हणजे हा आजार प्रामुख्याने तरुणांचा आहे.

मे-जून महिन्यांत निकाल लागले की वृत्तपत्रांत बातम्या येतात आणि आपण सर्व 'परीक्षापद्धती'वर बोलून मोकळे होतो. परीक्षेचा ताण खोटा नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०१० मध्ये मुंबई परिसरातून एकामागून एक अशा बातम्या आल्या तेव्हा शाळा, पालक, शासन सारेच हादरले होते. तथापि अठरा वर्षांखालील मृत्यूंच्या नोंदींत परीक्षेतील अपयशापेक्षा कौटुंबिक प्रश्न हे कारण कितीतरी अधिक वेळा लिहिलेले असते. निकाल ही बहुधा ठिणगी असते. वाळलेले गवत आधीच साचलेले असते. ठिणगी केव्हा पडेल ते आपल्या हाती नाही, पण गवत साचलेले आपल्याला तपासणीच्या टेबलावर दिसू शकते.

गोव्यातील एक अभ्यास

जोखमीचे घटक म्हटले की पाठ्यपुस्तकांतील यादी डोळ्यांपुढे येते : पूर्वीचा प्रयत्न, नैराश्य, व्यसन, घरातील आत्महत्येचा इतिहास, दीर्घ आजार. यादी बरोबरच आहे, आणि तिच्यातील पहिला घटक सर्वांत बलवान आहे हे लक्षात ठेवलेच पाहिजे; पण ती बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांतून आली आहे. आपल्या शेजारच्या, आपल्यासारखाच पोर्तुगीज अमलाचा इतिहास असलेल्या आणि कोकणी-मराठी समाजाच्या गोव्यातील एक अभ्यास मला त्याहून अधिक उपयोगी वाटतो. अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण व शहरी भागांतील १६ ते २४ वयाच्या ३,६६२ युवक-युवतींच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. त्यांपैकी १४४ जणांनी, म्हणजे शंभरांत जवळजवळ चौघांनी, मागील तीन महिन्यांत आत्मघाती वर्तन झाल्याचे सांगितले. हे रुग्णालयात आलेले रुग्ण नव्हते, घरी-दारी वावरणारी मुले होती.

या अभ्यासात कोणते घटक जोखमीशी निगडित आढळले? मुलगी असणे. शाळा-महाविद्यालय सुटलेले असणे. घरात मारहाण होणे. आयुष्यात कधीही लैंगिक अत्याचार झालेला असणे. विवाहपूर्व संबंध. आणि नैराश्य व चिंता यांसारखे मानसिक आजार. ज्यांना असा आजार असण्याची शक्यता होती त्यांच्यात हे प्रमाण सर्वांत अधिक होते. विशेष म्हणजे मारहाण-अत्याचार आणि मानसिक आजार हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे जोखीम वाढवीत होते. म्हणजे मार खाणाऱ्या मुलाच्या वागण्यात उदासीची लक्षणे दिसली नाहीत, म्हणून तो सुरक्षित आहे असे मानता येत नाही.

आणखी एक निष्कर्ष असा होता की वाचून मी थबकलो. स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्यांत जोखीम कमी नव्हे, अधिक होती. आणि मुलींचा वेगळा विचार केला असता हा संबंध आणखी ठळक झाला. ग्रामीण भागातील मुलींतही प्रमाण अधिक होते. स्वातंत्र्याने मन बळकट होते असे आपण मानतो, मग हे कसे? माझ्या मते दोष स्वातंत्र्याचा नाही. ज्या घरात मुलीने स्वतः ठरवणे म्हणजेच उद्धटपणा मानला जातो तेथे तिचा प्रत्येक निर्णय हा एक संघर्ष असतो, आणि तो ती एकटीने लढते. कोणते कपडे, कोणते महाविद्यालय, कोणाशी बोलायचे. रोज उठून एक लढाई. संशोधकांचे आकडे केवळ संबंध दाखवतात, कारण सिद्ध करीत नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु पस्तीस वर्षांच्या व्यवसायात मी ज्या मुली पाहिल्या, त्यांच्या घरांशी हा अर्थ जुळतो.

सिल्वासाचे चित्र

४९१ चौरस किलोमीटरचा हा आपला प्रदेश १९५४ साली पोर्तुगीजांपासून मुक्त झाला, १९६१ मध्ये भारतात विलीन झाला आणि २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. एवढ्या लहान जागेत येथे दोन-तीन निरनिराळी किशोरवये नांदतात. खानवेल, दूधनी, मांदोनीकडील वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुले ही एक. त्यांतील कित्येक जण पाड्यापासून दूर वसतिगृहात राहून शिकतात; घरात बोलली जाणारी भाषा, शाळेची भाषा आणि कारखान्याची भाषा तिन्ही वेगळ्या. पिपरिया, मसाट, राखोली, आमलीच्या चाळींतून वाढणारी कामगारांची मुले ही दुसरी. आई-वडील दोघेही पाळीत; एक रात्री, एक दिवसा. मुलगा शाळेतून येतो तेव्हा घरात एक तर कुलूप असते, नाही तर झोपलेला बाप. गावाकडचे आजी-आजोबा, काका-मावशी, ज्यांच्याकडे रुसून जाता येते, ती माणसे हजार मैलांवर. आणि तिसरी आपली स्वतःची मुले. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात 'मला नैराश्य आले आहे' असे कोणी म्हणत नाही. कोणी 'मन नहीं लगता' म्हणतो, कोणी 'डोकं जड जड होतं' म्हणतो, कोणी फक्त कंटाळा आल्याचे सांगतो. पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, मासिक पाळीच्या तक्रारी, चक्कर, आणि वारंवार होणारे 'बेशुद्धीचे झटके' हीच त्यांची भाषा. या वयातली उदासीनता पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने येते, हे तर घरच्यांनाही कळत नाही. 'फार उलट बोलायला लागलाय' अशी तक्रार घेऊन आई येते. मुलाचे गुण अकस्मात घसरणे, आवडता खेळ सोडणे, रात्रभर जागणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, मनगटावर व्रण आणि उन्हाळ्यातही लांब बाह्या, या गोष्टी आपण डोळे उघडे ठेवले तर दिसतात. भाषेचा प्रश्न असेल तेव्हा शेजारणीला किंवा थोरल्या भावाला दुभाषी करू नये, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. ज्याच्याविषयी बोलायचे आहे तोच नेमका दुभाषी असू शकतो.

डॉक्टरांची मुले

२०२४ साली 'नीट' परीक्षेस देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सुमारे एक लाख दहा हजार. हे गणित आपल्याला कळते, तरी 'माझा मुलगा त्या एका लाखात असणारच' हे आपण गृहीत धरतो. विशेषतः ज्याच्या दवाखान्याची पाटी तयार आहे तो. बारावीनंतर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्या मुलांचे ते वर्ष कसे जाते? शाळा सुटलेली, मित्र पुढे गेलेले, दिवसभर एक खोली आणि एक चाचणी-मालिका. गोव्याच्या अभ्यासातील 'शाळा-महाविद्यालयात न जाणे' हा घटक मला येथे आठवतो.

माझ्या मुलाच्या अशाच वर्षी मी रात्री दवाखान्यातून आलो की पहिला प्रश्न विचारी, "आजच्या टेस्टला किती?" चार-पाच महिन्यांनी पत्नीने मला बाजूला घेऊन विचारले, "तो आपल्याबरोबर जेवायला बसत नाही, तुमच्या लक्षात आलंय का?" आले नव्हते. ताट खोलीत जात होते आणि अर्धे परत येत होते. रुग्णाच्या बाबतीत भूक, झोप, वजन विचारणारा मी, घरात केवळ गुण विचारीत होतो. त्या रात्री आम्ही दोघे दमणगंगेच्या पुलापर्यंत चालत गेलो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याने जे सांगितले ते त्याचे आहे, येथे लिहिणार नाही. आम्ही मानसोपचार-तज्ज्ञांकडे गेलो, शिकवणी बंद केली. तो आज दुसऱ्या क्षेत्रात आहे आणि जेवायला आमच्यासोबत बसतो.

अमेरिकेत सुमारे बारा हजार शालेय मुलांचा एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मुलाला कुटुंबाशी आणि शाळेशी वाटणारी जवळीक ही आत्मघाती विचारांपासून संरक्षण देते, असे त्यात दिसले. हा घटक रक्तदाबासारखा मोजता येत नाही, म्हणून आपण तो गौण मानतो.

विचारल्याने विचार पेरला जातो का ?

ही भीती आपल्यापैकी बहुतेकांना वाटते; मलाही होती. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ साली 'जामा'मध्ये आला. अर्ध्या मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी विचारले, अर्ध्यांना नाही. विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नाही; उलट ज्यांना आधीपासून नैराश्य होते त्यांचे मन किंचित हलकेच झाल्याचे दिसले. तेव्हा विचारावे, आणि सरळ विचारावे.

माझी पद्धत साधी आहे. बारा वर्षांवरील प्रत्येक मुलाच्या तपासणीत पाच मिनिटे मी पालकांना बाहेर बसवतो. 'या वयाच्या सगळ्यांसाठी हा माझा नियम आहे' असे सांगितले की कोणी दुखावत नाही. गोपनीयतेची मर्यादाही आरंभीच सांगतो : 'तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला घरच्यांना सांगावे लागेल, आणि ते मी तुला विचारूनच सांगेन.' मग झोप, भूक, मित्र, शाळा, घर. नंतर पायरीपायरीने : 'कधी सगळं नकोसं वाटतं का? आपण नसतो तर बरं, असं मनात येतं का? मरून जावं असं वाटलं का? कसं करायचं ते ठरवलं होतंस का? पूर्वी कधी प्रयत्न केला होतास का?' केवळ नकोसे वाटणे, मरणाची इच्छा, योजना आणि पूर्वीचा प्रयत्न या चार पायऱ्या वेगळ्या आहेत आणि त्यांनुसार पुढची कृती ठरते. योजना किंवा अलीकडचा प्रयत्न असेल तर त्या मुलाला एकटे सोडू नये. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे, आवश्यक तर दाखल. 'सोमवारी बघू' हे उत्तर नव्हे.

उत्तर ऐकताना आपला चेहरा सांभाळावा. 'एवढ्याशा कारणासाठी?', 'आई-बापाचा विचार केलास का?' ही वाक्ये दार बंद करतात. तसेच केसपेपरवर 'अयशस्वी प्रयत्न' असे लिहिण्याची आपली जुनी सवयही सोडावी. जगणे हे अपयश कसे?

लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. हेही मुलाला प्रामाणिकपणे आणि हळुवारपणे सांगावे लागते.

कायद्याची भीती आणि घरातले कपाट

पालक प्रयत्न लपवतात याचे मोठे कारण पोलीस. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम ११५ अन्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा नव्हे तर काळजी व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेले नाही. सरकारी कर्मचाऱ्यास त्याच्या कामापासून अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच शिक्षेची तरतूद आहे. रुग्णालयाची वैद्यकीय-न्यायिक नोंद होते, जबाब होतो, पण मुलावर गुन्हा दाखल होईल या भीतीने उपचारास उशीर करण्याचे कारण राहिलेले नाही. हे आपण पालकांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, कारण पाड्यावर अजून जुनीच समजूत आहे.

या वयात भावनांचे केंद्र आधी जागे होते आणि लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. त्यामुळे विचार आणि कृती यांत पुष्कळदा काही मिनिटांचेच अंतर असते. ती मिनिटे टळली तर बहुतेकदा जीव वाचतो. म्हणूनच घातक वस्तू हाताशी नसणे हा केवळ किरकोळ सल्ला नसून सिद्ध झालेला उपाय आहे. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्येचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. आपल्याकडील शेतकरी घरांत फवारणीचे औषध खाटेखाली किंवा छपराला अडकवलेले असते. ते कुलूपबंद पेटीत, शक्यतो घराबाहेर ठेवायला सांगावे. आणि मित्रहो, डॉक्टरांच्या घरातले नमुन्यांच्या औषधांचे कपाट? त्याला कुलूप आहे का, हे आज रात्री पाहावे.

औषधांविषयी थोडेसे. मध्यम व तीव्र नैराश्यात फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे उपयोगी पडतात. मात्र २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मुले व किशोर यांच्याबाबत दिलेला इशारा ध्यानात ठेवून पहिल्या काही आठवड्यांत मुलाला वरचेवर बोलवावे, थोड्याच दिवसांची औषधे द्यावीत आणि ती पालकांच्या ताब्यात ठेवावीत. इशाऱ्याचा अर्थ औषध देऊच नये असा नाही. केवळ झोपेच्या गोळ्या लिहून पाठवणे हा मात्र सर्वांत वाईट पर्याय होय.

शाळांसाठी

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. तेच काम काही शाळांत शिक्षकांकडे दिले होते, काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकाकडे. समुपदेशक असलेल्या शाळांचे वातावरण सुधारले, मुलांतील नैराश्य व दादागिरी घटली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. जो गुण देतो त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही. आपले मंडळ दरवर्षी शाळांतून दंततपासणी व रक्तगट शिबिरे घेते. त्यांतील एखाद्या शिबिराचा खर्च दोन-तीन शाळा मिळून एका समुपदेशकाच्या मानधनासाठी वळवता येईल का, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. विरोध होईल, रक्तगटाच्या कार्डांवर मंडळाचे नाव छापता येते, यावर छापता येत नाही.

तज्ज्ञ जवळ नसेल तेव्हा केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, क्रमांक १४४१६. मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही भाषांत बोलता येते. हा क्रमांक मी केसपेपरच्या पाठीमागे छापून घेतला आहे, कारण तो मुलाच्या हातात पालकांसमक्ष वेगळा द्यावा लागत नाही. मागील महिन्यात एका मुलाने पुन्हा येताना तो कागद चारपदरी घडी घालून खिशात ठेवलेला होता. त्याने फोन केला होता की नाही ते मी विचारले नाही. झोप कशी लागते ते विचारले, आणि आई बाहेर जाऊन बसली.